खाकी चड्डीतली यशोधरा

यशे, फोटोतला तो पोरगा म्हणजे तुझा मिलिंददादा, असं मी सोळाव्या वर्षी बारामतीच्या बाजारात फोटो स्टुडिओच्या काचेसमोर उभी राहून छातीठोक सांगितलं. तो मिलिंददादा नव्हता. तू होतीस. मला ते पक्कं माहीत होतं, कारण तुझ्या अंगातली ती खाकी अर्धी चड्डी मीच त्याच्या दोरीवरून चोरून आणली होती.

झालं गेलं म्हणून सोडून द्यावी एवढीच ती चूक होती. सोळा वर्षांची पोर, शेजारी आई, आईच्या पायात वहाण. पण मी ती चूक पन्नास वर्षं बरणीत घालून ठेवली, वरचेवर हलवली, चांगली मुरू दिली. आता तू गेलीस. अठरा दिवस झाले. आता मी बरणी उघडून बसले आहे.

वाचणाऱ्यांना बेरिंगचा गाडा माहीत असेल-नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून घेते. तू कंटाळू नकोस. तुझे बाबा बारामतीला गॅरेजात कामाला होते. ट्रकचे झिजलेले बेरिंग घरी आणायचे. आपल्या कन्हेरीतली पोरं एका फळीला पुढं एक आणि मागं दोन बेरिंग ठोकायची, वर बसायची आणि मागून कुणीतरी ढकलायचं. बसायला पोरं, ढकलायला पोरी. हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. तुला ढकलायचा कंटाळा आला. तू गोठ्याच्या दाराची एक फळी काढलीस. पुढचे दोन दिवस तुमची म्हैस त्या फटीतून तोंड बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत होती. फळीला तू चार बेरिंग लावलेस, दोन पुढं, दोन मागं. आस आणि फळीच्या मधे सायकलच्या ट्यूबच्या घड्या घातल्यास. कशाला, ते तेव्हा मला कळलं नाही. मग ते सगळं कालव्याच्या पुलावर नेलंस आणि त्यावर उभी राहिलीस.

"बस की गं खाली," मी म्हटलं.

"बसल्यावर काय दिसतं? म्होरल्या म्हशीचं बूड. हुबं ऱ्हायलं की पार बारामती दिसती."

पुलापासून शाळेपर्यंत नवा डांबरी उतार होता. पहिल्या दिवशी परकर बेरिंगमध्ये गेला, तू तोंडावर आलीस, हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी मी चड्डी आणली. वेणी तू मिलिंददादाच्या टोपीत कोंबलीस. तिसऱ्या दिवशी तू वळलीस. टाचेवर भार दिला की ट्यूबचं रबर एका बाजूला दबायचं आणि गाडा तिकडं झुकून वळायचा. खर्रर्र आवाज करत, हात पसरून, आधी डावीकडं, मग उजवीकडं. तसं उभ्यानं फळीवरून जाताना मी तोवर कुणालाच पाहिलं नव्हतं. तूही नव्हतंस. अशा खेळाला जगात काही नाव आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काम काय? उताराच्या तळाशी लाल रुमाल घेऊन उभं राहायचं, बैलगाडी आली की रुमाल हलवायचा, आणि तू खाली आलीस की तुला कवळ्यात धरून थांबवायचं. तुझ्या गाड्याला ब्रेक नव्हता. ब्रेक मी होते. पुढं जन्मभर मी तुझ्यासंबंधात तेच काम केलं म्हण ना.

तेव्हाची ती तान्हू, म्हणजे मीच, आज समोर आली तर मी तिच्या दोन्ही वेण्या धरून खेचीन. काय तो तोरा! रिबिनी इस्त्रीच्या, वर्गाची मॉनिटर, मास्तरांच्या डस्टरची राखणदार. गावानं 'गुणी' म्हणावं म्हणून जीव टाकायची. एकदा तू आग्रह केलास म्हणून गाड्यावर चढले आणि तीन हातांवरच्या शेणाच्या ढिगात बसले. घरी सांगितलं, गाय आडवी आली.

पुलाच्या कंत्राटदारासाठी फोटो काढायला बारामतीहून माणूस आला होता. त्यानं पुलाचा काढला आणि जाता जाता तुझाही काढला. पंधरा दिवसांनी मी आईबरोबर वांगी घेऊन बाजाराला गेले, तर स्टुडिओच्या काचेत तू. टोपी, चड्डी, पसरलेले हात, तोंड पलीकडं वळलेलं. आई थबकली.

"तान्हे, ही यशी न्हवं का गं?"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं. चड्डी, दोरी, रुमाल, तळाशी उभी मी. तेवढ्यात दुकानवाला बाहेर आला. म्हणाला, "ओळखता का ह्याला? नाव सांगा, खाली लिहायचं राहिलंय."

"मिलिंद," मी म्हटलं. "कन्हेरीचा. यशीचा भाऊ हाय."

"टाचा बायकी दिसत्यात," आई म्हणाली.

"त्याच्या टाचा तशाच हायत."

दुकानवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं. माझ्या देखत लिहिलं.

तुला सांगितलं तेव्हा तू हसून हसून मातीत बसलीस. "मिल्या? मिल्याला बैलगाडीत बसलं तरी वकाऱ्या येत्यात!" तू हसलीस म्हणून मला वाटलं, मी तुला वाचवलं. थोडं वाचवलंही असेन. तुझ्या बाबांना चड्डीचं कळतं तर तुझी शाळा बंद होती. पण खोटं बोलले मी माझ्या पाठीसाठी. तुझा नंबर नंतरचा होता.

मग आली चौदा एप्रिलची जयंती. मास्तरांनी फोटो पाहिला होता. त्यांनी जाहीर केलं, मिलिंदचा स्टेजवर सत्कार, आणि मिलिंद सगळ्यांना पुलावरून गाडा चालवून दाखवेल. मिलिंददादा पांढराफटक पडला. गोठ्यामागं आपली तिघांची बैठक बसली. आणि या मॉनिटरबाईंच्या सुपीक डोक्यातून तोड निघाली.

"गाडा मोडला म्हणून सांगू."

"आन मोडका तरी दाखव म्हटले तर?" मिलिंददादा म्हणाला.

"तर खरंच मोडायचा."

तू माझ्याकडं बघितलंस. "माझा गाडा?"

"दुसरा कर की. तुला काय अवघड हाय?"

धोंडा तूच घातलास. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. फळी दोन घावांत गेली, आस चारात. बेरिंग पुसून बाबांच्या डब्यात परत ठेवलेस. जयंतीला मिलिंददादाला कंपासपेटी मिळाली. तू खाली बायकांत बसून टाळ्या वाजवल्यास, आणि मी तुझ्या शेजारी बसून आपल्या हुशारीवर खूश होते. दुसरा गाडा तू केला नाहीस. का केला नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि तेच मला नको होतं.

पुढं तू लग्न होऊन डाळजला गेलीस, इंदापूरच्या दवाखान्यात नर्स झालीस. मी सांगवीच्या शाळेत लागले आणि मुख्याध्यापिका होऊन बाहेर पडले. तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं. हस. जिथं असशील तिथं हस, मी काही बोलणार नाही.

माझे मालक गेले तेव्हा तू भिगवणचे मासे पिशवीत घेऊन आलीस. घरात कुणी चूल पेटवायला तयार नव्हतं. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "रडायचं आसंल तर पोटभर खाऊन रड. उपाशी रडणाऱ्याचा आवाज लांब जात न्हाय." मी जेवले आणि मग रडले. त्या दिवसापासून दर दोन महिन्यांनी तू चिलापी घेऊन यायचीस, काटे काढून माझ्या ताटात ठेवायचीस, जशी मी तुझी लेक. गाड्याचा विषय कधी काढला नाहीस. मला वाटलं, विसरलीस. माणसाला सोयीचं तेच वाटतं.

मग बारामतीत पोरांसाठी स्केटबोर्डचं मैदान झालं. सिमेंटचे उतार, चढ, मोठ्या परातीसारखा खड्डा. माझी नात आर्या तिथं जायला लागली. त्यांना शिकवणारी पोरगी मोठी चटपटीत आहे. तिनं आर्याला सांगितलं, या खेळात मुली पहिल्यापासून होत्या, साऱ्या जगात होत्या, पण फोटो छापताना आणि नावं लिहिताना त्या गळाल्या. आर्या घरी येऊन मला म्हणते, "आजी, आपल्याकडं तर मुलींचा इतिहासच नाहीये." मी शेंगा फोडत होते. फोडत राहिले.

त्याच सुमारास मैदानवाल्यांना तो जुना फोटो सापडला. स्टुडिओवाल्याच्या नातवानं दिला, खाली पेन्सिलीनं 'मिलिंद, कन्हेरी'. मैदानाचे व्यवस्थापक साहेब माझ्याकडं आले. "बाई, तुम्ही कन्हेरीच्या, तुमच्या वयाच्या, शिवाय मुख्याध्यापिका. फोटो मोठा करून नावाच्या पाटीसकट मैदानात लावायचाय, ओळखून एक दाखला द्याल का?" मिलिंददादा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या पोरांना साहेबांनी आधीच फोन केला होता, पोरं हरखून गेली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'ही त्याची बहीण, आणि तेव्हा मी खोटं बोलले.' म्हणजे दोन वाक्यं. पहिलं ओठापर्यंत आलं. दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं.

मी दाखला दिला. दाखले देणं हे माझ्या बोटांना लागलेलं व्यसन. 'सदर छायाचित्रातील व्यक्ती मिलिंद हे असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखत होते.' खाली लफ्फेदार सही. आणि माझा शहाणपणा बघ, पाटीच्या कच्च्या मजकुरात त्यांनी 'कै.' लिहिलं होतं, तर मी बाणेदारपणे खोडून 'कालकथित' करायला लावलं. म्हटलं, आमच्यात कैलासवासी नसतात. उपाधी दुरुस्त केली आणि माणूस चुकीचा ठेवला.

उद्घाटनाला तुला मीच बोलावलं. मला वाटलं असावं, तू पुन्हा हसशील, मातीत बसून, आणि मी सुटेन. तू तिसऱ्या रांगेत बसलीस. पडदा सरकला. पुरुषभर उंच तू, आणि खाली तुझ्या भावाचं नाव. शिकवणारी पोरगी माइकवर सांगत होती, "बघा, फळीखाली रबर घातलंय. त्या काळी कुणी न शिकवता मिलिंदकाकांना हे सुचलं कसं!" तुझ्या भाच्यांना शाल आणि नारळ दिला. तू टाळ्या वाजवल्यास. तशाच, जशा जयंतीला वाजवल्या होत्यास.

गर्दी पांगल्यावर तू एका पोरीकडून फळी मागून घेतलीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून डावा पाय चढवलास. मग उजवा. साहेब लांबून ओरडले, "आजी, उतरा खाली, पडाल!"

"पडायचं मला शिकवू नगा, साहेब," तू म्हणालीस.

दोन वीत पुढं गेलीस. एवढंच. मी तुला धरून होते.

एसटी स्टँडासमोर उसाचा रस प्यायला बसलो. तुझा ग्लास भरलेलाच.

"त्या पोरीला रबराचं कळालं," तू म्हणालीस. "पन्नास वरसांत पैलं माणूस. आन तिनं त्ये मिल्याला वाहून टाकलं."

"मी तेव्हा घाबरले होते गं."

"तवाचं मी इचारतच न्हाय. तवा मी बी हासले. आत्ताचं सांग. दाखला कुणी दिला?"

मी पिशवीत सुट्टे पैसे शोधायला लागले.

"तान्हू, जा आन सांग. तू सांगितल्याबिगर न्हाय जमायचं. मी माझ्या तोंडानं माझंच नाव मागायला जाऊ व्हय?"

"सांगते. आर्याची परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. मग माझा गुडघा दुखला. मग दिवाळी आली. मग साहेब बदलणार होते. तुझा फोन आला की मी आधी तब्येतीचं विचारायची, म्हणजे गाडी त्या रस्त्यालाच लागायची नाही. आपलं ते भांडण अर्धं राहिलं, यशे, कारण भांडायला दोघी लागतात आणि मी पळत होते.

मग तू दवाखान्यात. या वेळी नर्स म्हणून नव्हे, खाटेवर. तुझ्या लेकीनं, सुजातानं, फोन लावून तुझ्या कानाला धरला.

"तान्हू, पाटीचं काय झालं?"

"झालं," मी म्हटलं. "सांगितलं मी. बदलत्यात."

"माझं नाव टाकणार?"

"तर काय."

"कसं ल्ह्यायलेत? यशोधरा का यशोधराबाई?"

"नुसतं यशोधरा."

"बरं," तू म्हणालीस. आणि पुन्हा, "बरं."

सोळाव्या वर्षी मी आईच्या वहाणेला भिऊन खोटं बोलले. सहासष्टाव्या वर्षी कुणाच्या पायात वहाण होती? मी रोज विचार करते. मला एकही पाय दिसत नाही.

डाळजला पुण्यानुमोदनाला तुझ्या अंगणात मांडव होता. आधी त्रिशरण झालं, मग पंचशील. चौथ्या शीलाला सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं म्हटलं, 'मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि.' खोटं बोलण्यापासून दूर राहीन. माझा आवाज शाळेतला, लांब जातो. मग आदरांजलीला माझंच नाव पुकारलं. समोर मिलिंददादाची पोरं, त्यांच्या मागं सुजाता. मी उठले, आणि तू प्रेमळ माता, कष्टाळू परिचारिका, मायेची मैत्रीण होतीस असं आठ मिनिटं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. कुणाच्याही आदरांजलीला चाललं असतं ते भाषण. बायका डोळे पुसत होत्या. सुजातानं पुसले नाहीत. ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी खाली बसले आणि पाणी मागितलं.

परवा मैदानावर गेले. साहेब तेच, बदलले नव्हते. सगळं सांगितलं. काचेपासून दाखल्यापर्यंत. नवा कागद लिहूनच नेला होता. त्यांनी फाईल काढली, माझा जुना दाखला नव्या कागदाशेजारी ठेवला.

"बाई, रागावू नका. दोन्हीवर सही तुमचीच. मी कुठली धरू?"

आयुष्यात हजारो दाखल्यांवर सह्या केल्या असतील. सहीला काही वजन असतं, हे मला माझ्याच सहीनं मान खाली घालायला लावली तेव्हा कळलं. साहेब माणूस बरा. म्हणाले, "घरातल्या कुणाचं तरी लेखी आणा. मी पाटी बदलतो."

काल इंदापूरला सुजाताच्या दारात गेले. तिनं चहा ठेवला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही, उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. चड्डी, काच, धोंडा, दाखला, फोनवरचं ते 'झालं'. म्हटलं, मोठ्या तोंडानं तुझ्याकडं सही मागायला आलेय, हाकलून दिलंस तरी चालेल. ती ओट्याला टेकून ऐकत होती. चहा उतू गेला तेव्हा वळली, गॅस बंद केला, आणि पाठमोरीच बोलली. तिचे शब्द आहेत तसे ठेवते.

"मावशी, आमाला लहानपणापसनं म्हाईत हाय. तुमचा फोन झाल्यावर आईनं मला बारामतीला धाडलं, 'माझ्या नावाचा फोटो काढून आण' म्हणून. मी गेले, तर पाटीवर मामाचंच नाव. मी म्हटलं, दाखवायचा न्हाय. पर तिनं मोबाईल मागून घेतला, बोटांनी मोठा करून वाचला, आन म्हणाली, 'तान्हू अजून भितीया गं. तिला कुणी काय बोलू नगा.' म्हणून आमी बोललो न्हाय. आना तो कागद हिकडं."